वितळणाऱ्या रेषांचा इतिहास : फिगर स्केटिंगची तंत्रे आणि शैली

गेल्या वेळी आपण इतिहासाच्या साधनांबद्दल बोललो. शिलालेख, ताम्रपट, दप्तरे. ती टिकली म्हणून त्यांच्यावरून इतिहास लिहिता आला. आज उलटा प्रश्न घेऊ. ज्या गोष्टीचा पुरावा त्याच दिवशी पुसला जातो, तिच्या इतिहासाचा शोध कसा घ्यायचा? उदाहरण म्हणून आम्ही फिगर स्केटिंग निवडले आहे.

आधी नावच बघा. यातली 'फिगर' म्हणजे खेळाडूची अंगकाठी नव्हे. फिगर म्हणजे आकृती. बुटाखालच्या पात्याच्या कडेने बर्फावर उमटवलेली वर्तुळे आणि वळणे. आपल्या अंगणातल्या रांगोळीसारखेच म्हणा ना, फक्त बोटांऐवजी पाय! एडिंबरोच्या जुन्या स्केटिंग क्लबात प्रवेश हवा असेल, तर दोन्ही पायांवर एकेक पूर्ण वर्तुळ काढून दाखवावे लागे. मग आधी एका, नंतर दोन, नंतर तीन टोप्यांवरून उडी. रेषा आणि उडी. पुढचा सगळा वाद या दोघींतला आहे.

१७७२ साली रॉबर्ट जोन्सचे स्केटिंगवरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यानंतरच्या इंग्रजी पुस्तकांत आकृत्यांची रेखाटने भरपूर सापडतात. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. इथे रेषेवरून हालचालीचे अनुमान करायचे. कोणता पाय, कोणती कड, कुठे वळण, हे कळते. पण हात कुठे होते? मान, पाठ? त्याबद्दल रेषा गप्प असते. इंग्रजी शैलीत त्याने फारसे बिघडत नव्हते, कारण तिथे अंग ताठ आणि हात शांत ठेवायचे हाच दंडक होता. म्हणजे जी शैली कागदावर मावली, ती आपल्याला नीट सापडते.

आता जॅक्सन हेन्स. हा अमेरिकन, नृत्य शिकलेला. १८६०च्या दशकात तो युरोपात गेला आणि व्हिएन्नाने त्याला डोक्यावर घेतले. संगीतावर, सगळे अंग वापरून तो बर्फावर नाचे. बसून घेतलेली गिरकी त्याच्याच नावावर आहे. १८७५ साली फिनलंडमध्ये तो वारला. तेव्हा चलच्चित्र नव्हते. त्याचे तंत्र पुढे गेले ते पाहणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या अंगातून, आपल्याकडे गायकी घराण्यातून जाते तसे. पुढे जिला आंतरराष्ट्रीय शैली म्हणू लागले, तिचे मूळ तिथे आहे.

नावे हासुद्धा पुरावाच, पण जपून वापरायचा. नॉर्वेच्या अॅक्सेल पॉलसनने १८८२ साली व्हिएन्नात एक उडी मारली. तिला आजही अॅक्सेल म्हणतात. पण त्याच्या पायात शर्यतीचे लांब पात्यांचे बूट होते. नाव तेच राहिले, उडी बदलत गेली.

आता हा सगळा अभ्यासकांचा खेळ आहे, असे कुणाला वाटेल. तसे नाही. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅज सायर्स ही बाई उतरली. बायकांना मनाई असा नियमच नव्हता, कारण तसे कुणाच्या मनातही आले नव्हते. ती दुसरी आली, स्वीडनच्या उलरिक साल्खोच्या मागोमाग. त्यानंतर बायकांना मनाई झाली. दिलेल्या कारणांपैकी एक असे, की लांब झग्यामुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत! त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा १९०६ साली सुरू झाली. बघा, पुरावा कशाला म्हणायचे, यावरून बर्फावर कुणी उभे राहायचे तेही ठरले.

पुढे टेलिव्हिजन आला आणि पारडे फिरले. १९७२, सापोरो ऑलिंपिक. तेव्हा निम्मे गुण आकृत्यांना होते. ऑस्ट्रियाच्या बियाट्रिक्स शूबाच्या आकृत्या इतक्या अचूक, की मुक्त प्रकारात सातवी येऊनही सुवर्णपदक तिचेच. मुक्त प्रकारात पहिली आलेली अमेरिकेची जॅनेट लिन तिसरी. घरी बसलेल्या प्रेक्षकाला हे कसे पटावे? परीक्षक वाकून जी रेषा तपासत, ती त्याला दिसतच नव्हती. पुढच्याच वर्षी आकृत्यांचे गुण घटले, आणि १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून त्या गेल्याच. 'फिगर' नावापुरती उरली.

मग हा खेळ तोच का? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा प्रश्न सोडवत नाही. आमचे उत्तर असे : कडेवरचा तोल अजून तोच आहे, म्हणून धागा तुटलेला नाही. मोल मात्र दिसणाऱ्या गोष्टीकडे सरकले. २०२२ साली इलिया मलिनिनने स्पर्धेत चार फेऱ्यांचा अॅक्सेल, म्हणजे खरे तर साडेचार फेऱ्या, पहिल्यांदा पूर्ण केला. तो आपण हवा तितक्यांदा बघू शकतो. पण त्या चित्रफितीत बर्फावरची रेषा शोधायला जा, फारशी हाती लागत नाही. जुन्या पुस्तकात रेषा आहे पण शरीर नाही, आजच्या फितीत शरीर आहे पण रेषा नाही. म्हणून साधन हाती आले, की ते काय दाखवते याबरोबर काय झाकते, हेही विचारत चला.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.