अंश तोच, छेद वेगळा : उस्मानाबादच्या चाचणीचे सांख्यिकीय विवेचन

१. प्रश्न

लक्षणे दिसण्याआधीच कर्करोग शोधला तर जीव वाचतो, हे इतके उघड वाटते की त्याला पुरावा कशाला, असे कोणीही विचारील. पण लवकर निदान होणे आणि आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एका बाईचा कर्करोग लक्षणांवरून ५५व्या वर्षी कळला असता आणि ५८व्या वर्षी तिचा मृत्यू झाला असता. स्क्रीनिंगमुळे तो ५२व्या वर्षीच कळला, पण मृत्यू ५८व्याच वर्षी झाला, तर निदानानंतरचे आयुष्य तीन वर्षांवरून सहा वर्षांवर गेलेले दिसते. प्रत्यक्षात ती एक दिवसही जास्त जगलेली नसते. म्हणून स्क्रीनिंगचे मोल ठरवताना छेदात केवळ रुग्ण घेऊन चालत नाही; ज्यांच्यासाठी ती योजना आखली त्या सगळ्या बायका घ्याव्या लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या चाचणीत हे तत्त्व आकड्यांनिशी सिद्ध होते.

२. रचना

या चाचणीला भक्कम पाया होता. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण, लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. गावोगावचे रुग्ण आणि मृत्यू मोजण्याचा अनुभव तेथे तयार झाला होता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी झाली : एचपीव्ही विषाणूची तपासणी, पेशींची (पॅप) तपासणी, ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी (व्हीआयए), आणि तपासणी नसलेला तुलनागट. तपासणी एकदाच झाली आणि पाठपुरावा आठ वर्षे चालला. रेंगस्वामी शंकरनारायणन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

बायकांऐवजी गावांचे समूह वाटल्याने काम सोपे होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. एकाच परिसरातील बायकांचे राहणीमान आणि दवाखान्यापर्यंतची वाट सारखी असते. त्यांच्याकडून मिळणारी माहिती पूर्णपणे स्वतंत्र नसते. येथे एका समूहात सरासरी अडीच हजार बायका होत्या. त्यांच्यातील परस्परसंबंध ०.००१ इतका नगण्य धरला, तरी अंदाजातील विचरण सुमारे साडेतीन पट होते. एवढ्या मोठ्या संख्येची गरज काही अंशी त्यातून येते.

दुसरी शिस्त अशी की, बोलावूनही तपासणीला न आलेल्या बायका त्यांच्याच गटात मोजल्या जातात. येणाऱ्या बायका न येणाऱ्यांपेक्षा बहुधा अधिक जागरूक असतात. न आलेल्यांना वगळले, तर यादृच्छिक विभागणीने साधलेली समानताच मोडते.

३. अंश आणि छेद

तुलनागटात ३१,४८८ बायकांपैकी ११८ जणींना कर्करोग आढळला आणि ६४ जणी दगावल्या. व्हीआयए गटात ३४,०७४ बायकांपैकी १५७ जणींना कर्करोग आढळला, ५६ दगावल्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी १२७ जणींना कर्करोग आढळला, ३४ दगावल्या. सर्वांत कमी कर्करोग जेथे सापडले, तेथेच सर्वाधिक बायका दगावल्या. न शोधलेला रोग नोंदवहीत उशिरा येतो. तो नसतोच असे नव्हे.

आता दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातील रोग पाहू. तुलनागटात असे ८२ कर्करोग होते, म्हणजे सापडलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के. व्हीआयए गटात ते ८६, म्हणजे ५५ टक्के. रुग्ण छेदात घेतले तर ही मोठी सुधारणा ठरते. छेदात सर्व बायका घेतल्या, तर दर दहा हजारांमागे तुलनागटात २६ आणि व्हीआयए गटात २५ निघतात. म्हणजे पुढच्या टप्प्यातला रोग घटलाच नव्हता. सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण जास्त सापडल्याने छेद फुगला आणि टक्केवारी उतरली. एचपीव्ही गटात मात्र असे केवळ ३९ कर्करोग होते, दर दहा हजारांमागे ११. ही घट खरी होती.

मृत्यूंचेही तसेच. दर लाख व्यक्ती-वर्षांमागे तुलनागटात २५.८, तर एचपीव्ही गटात १२.७ मृत्यू झाले. सापेक्ष भाषेत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले; निरपेक्ष भाषेत, आठ वर्षांत दर दहा हजार बायकांमागे सुमारे दहा मृत्यू टळले. आरोग्य-नियोजनाला दोन्ही आकडे लागतात : पहिला तपासणीचा प्रभाव सांगतो, दुसरा तिचे सामाजिक मोल.

४. अनिश्चिततेची रुंदी

एचपीव्ही गटातील मृत्यूचे जोखीम-गुणोत्तर ०.५२ होते आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.३३ ते ०.८३. संपूर्ण अंतराल १ च्या खाली असल्याने केवळ योगायोग हे स्पष्टीकरण टिकत नाही. व्हीआयएचे गुणोत्तर ०.८६, अंतराल ०.६० ते १.२३. त्यावरून ‘व्हीआयए निरुपयोगी ठरली’ असे म्हणणे चूक आहे. हा अंतराल ४० टक्के घटीशीही सुसंगत आहे आणि काहीशा वाढीशीही. तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात एकदाच केलेल्या व्हीआयएनंतर हे गुणोत्तर ०.६५ आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे दोन्ही अंदाज उस्मानाबादच्या अंतरालात बसतात. म्हणजे ही तीन उत्तरे परस्परांना खोटे पाडत नाहीत. डोळ्यांनी केलेल्या पाहणीचे यश तपासणाऱ्याचे प्रशिक्षण, फेऱ्यांची संख्या आणि पुढच्या उपचारांवर अवलंबून असते, हा अर्थ त्यांच्याशी अधिक जुळतो.

५. नैतिक बाजू

तुलनागटाला तपासणी न देण्यावर पुढे कठोर टीका झाली. तपासणीचे सामर्थ्य अन्य देशांत माहीत असताना गरीब बायकांना तिच्याविना ठेवावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि कोणतेही सांख्यिकीय समर्थन त्याला परस्पर निकालात काढू शकत नाही. पण तपासणीने मृत्यू टळतात का, याचे उत्तर आपल्याला तुलनागटातल्या त्या ६४ मृत्यूंमुळेच मिळाले आहे. ते वापरायचे नसेल, तर अन्याय दुप्पट होतो.

६. निष्कर्ष

२०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी अपेक्षित आहे. अशा कार्यक्रमाचे यश ‘इतक्या बायका तपासल्या, इतके रुग्ण लवकर सापडले’ या आकड्यांनी ठरत नाही. हे दोन्ही आकडे वाढूनही मृत्यू तसेच राहू शकतात. जिल्ह्यातील पात्र बायका किती, तपासणीत दोष आढळलेल्यांपैकी किती जणींचे उपचार पूर्ण झाले आणि दर लाखामागे पुढच्या टप्प्यातला रोग व मृत्यू किती घटले, हे विचारायला हवे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात बार्शीसारखी नोंदणी लागेल. ती उभारणे हा स्क्रीनिंगचाच भाग मानला पाहिजे. तपासणीच्या साहित्याइतकाच तिलाही निधी मिळाला पाहिजे.