डॉ. आप्पासाहेब पवार : माळरानावर विद्यापीठ उभं करणारे पहिले कुलगुरू

कोल्हापूर : शिवाजी विद्यापीठाचं नाव घेतलं की डॉ. आप्पासाहेब पवार यांचं नाव निघतंच. विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. १९६२ ते १९७५ अशी जवळपास तेरा वर्षं त्यांनी कारभार पाहिला.

त्याआधी या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाशी जोडलेली होती. परीक्षा, निकाल, पदवी, सगळ्याचा कारभार पुण्यातून चाले. गावाकडच्या पोराला ते लांबच पडायचं. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. तेव्हा संलग्न कॉलेजं होती ३४ आणि विद्यार्थी सुमारे १४ हजार.

आप्पासाहेब मूळचे इतिहासाचे अभ्यासक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे ते प्राचार्य होते, त्यामुळं इथल्या मुलांची परिस्थिती त्यांना माहीत होती. विद्यापीठाला जागा मिळाली ती सागरमाळावर, म्हणजे उघड्या माळावर. आज हा परिसर सुमारे ८५३ एकरांचा आहे. नवे विभाग, इमारती, ग्रंथालय, वसतिगृहं यांची सुरुवातीची घडी त्यांच्याच काळात बसली.

कुलगुरूचं काम फक्त पदव्या वाटण्याचं नसतं. राज्यपाल कुलपती असतात, पण रोजचा कारभार कुलगुरूच हाकतात. कॉलेजांची संलग्नता, परीक्षा, नेमणुका, पैशांचं नियोजन, सगळं त्यांच्याकडं येतं. नव्या विद्यापीठात तर पहिला पायंडाच त्यांना पाडावा लागतो.

घरची गरिबी असलेल्या मुलांसाठी 'कमवा आणि शिका' योजना इथं आधार ठरली. विद्यापीठातच काही तास काम करायचं, तिथंच राहायचं आणि शिकायचं. घरून पैसे येत नाहीत म्हणून शिक्षण सुटू नये, हा यामागचा विचार. या मुलांच्या वसतिगृहाला आज 'डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवन' असं नाव आहे.

कारभार सांभाळताना त्यांनी अभ्यासही सोडला नाही. महाराणी ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित केली आणि विद्यापीठानं ती छापली.

२००४ मध्ये सोलापूरला वेगळं विद्यापीठ झालं. आता शिवाजी विद्यापीठाकडं कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आहेत. या जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत पहिली पदवी आली ती याच विद्यापीठाची.