अंटार्क्टिका : बर्फाखालचे खंड

दक्षिण ध्रुवाभोवती पसरलेल्या अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून त्याचा ९८ टक्के भाग बर्फाने झाकलेला आहे. या थराची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर भरते. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांगेमुळे खंडाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडतात. पूर्वेकडील व्होस्टोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. पश्चिमेकडील बर्फ मात्र बराचसा समुद्रसपाटीखालील खडकावर टेकलेला आहे. त्यामुळे तुलनेने उबदार सागरी पाणी तो खालून वितळवते. तेथील थ्वेट्स हिमनदी याच कारणाने मागे हटत आहे. खंडावरील सर्व बर्फ वितळल्यास जगातील समुद्रपातळी सुमारे ५८ मीटरने उंचावेल.