तिमोर : चंदनाच्या बेटाची वाटणी

तिमोर हे नाव मलय भाषेतल्या ‘तिमुर’ या शब्दावरून आले. तिमुर म्हणजे पूर्व. जावा-सुमात्राकडून येणाऱ्या खलाशांच्या लेखी हे बेट उगवतीला होते. बेटाच्या पूर्व भागातल्या देशाचे अधिकृत नाव तिमोर-लेस्ते, आणि पोर्तुगीज भाषेत ‘लेस्ते’ म्हणजेही पूर्वच. पश्चिम भाग इंडोनेशियाच्या ज्या प्रांतात मोडतो, त्याच्याही नावात पूर्व आहेच : पूर्व नुसा तेंगारा.

बेट सुमारे ४७० किलोमीटर लांब, चिंचोळे आणि ईशान्य-नैर्ऋत्य असे तिरके पसरलेले आहे. क्षेत्रफळ साधारण ३०,००० चौरस किलोमीटर. जावा-फ्लोरेसप्रमाणे ते ज्वालामुखींतून घडलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या भूखंडाची कड उत्तरेकडे सरकत येऊन धडकली आणि समुद्रतळ वर उचलला गेला. म्हणून येथे डोंगरांवर प्रवाळाचा चुनखडक सापडतो. लाव्ह्याची सुपीक माती नाही, भातशेतीला सपाट जमीन थोडी आणि पावसाळा अपुरा. मधल्या डोंगररांगेत रामेलाऊ हे शिखर २,९०० मीटरहून उंच आहे. तेतुम भाषिकांच्या लोककथेनुसार मात्र हे बेट म्हणजे एक मगर आहे : लहानपणी आपला जीव वाचवणाऱ्या मुलासाठी ती स्वतःच जमीन झाली. ‘मगर आजोबा’ हा शब्द तेथे आदराने उच्चारला जातो.

अशा कोरड्या, डोंगराळ बेटाकडे जग वळले ते चंदनामुळे. येथील चंदन भारतातल्या चंदनाच्याच जातीचे. हे झाड अर्धपरजीवी असते, शेजारच्या झाडांच्या मुळांतून अन्न ओढते. सुगंधी गाभा भरायला कित्येक वर्षे लागतात. तेल मुळांतही असल्याने झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. १४व्या शतकातल्या चिनी नोंदींत तिमोरच्या चंदनाचा उल्लेख येतो. व्यापारी किनाऱ्यावर थांबत. झाडे कोणी, किती आणि कधी काढायची हे आतल्या डोंगरांतले राजे ठरवत. या राजांना ‘लिउराई’ म्हणत. बेटाचा पुढचा इतिहास कळण्यासाठी ही किनारा-डोंगर विभागणी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मलाक्का १५११ मध्ये जिंकल्यावर पोर्तुगीज थोड्याच वर्षांत येथे पोहोचले. त्यांचे पहिले ठाणे शेजारच्या सोलोर बेटावर होते, तेही मुख्यतः डॉमिनिकन पाद्र्यांचे. डचांनी १६१३ मध्ये ते घेतले. पण व्यापाराच्या नाड्या या दोघांच्याही हाती नव्हत्या. त्या होत्या तोपास नावाच्या मिश्र वंशाच्या कॅथलिक समाजाकडे. पोर्तुगीज शिपाई-खलाशी आणि स्थानिक स्त्रिया यांची ही संतती. ‘तोपास’ची एक व्युत्पत्ती दुभाषी या शब्दाशी जोडली जाते. त्यांतल्या दोन बलाढ्य घराण्यांपैकी होर्नाय घराण्याचा मूळपुरुष तर सोलोरचा डच किल्लेदारच होता. तो आपली बाजू सोडून पोर्तुगीजांना मिळाला.

डचांनी १६५३ मध्ये पश्चिम टोकाला कुपांगचा किल्ला घेतला. पोर्तुगीजांचे ठाणे उत्तर किनाऱ्यावर लिफाऊ येथे. पोर्तुगीजांचा सारा कारभार गोव्याहून चाले. १७०२ मध्ये लिफाऊला आलेला पहिला गव्हर्नर अंतोनियो कोएल्यो गेरेरो गोव्याच्या व्हाइसरॉयने नेमलेला होता, आणि ही व्यवस्था १८४४ पर्यंत टिकली. गोव्याची नेमणूक तोपासांनी मात्र फारशी जुमानली नाही. १७६९ मध्ये त्यांच्या वेढ्याला कंटाळून गव्हर्नरने लिफाऊ सोडले आणि पूर्वेला दिली येथे नवी राजधानी वसवली. पूर्व तिमोरची राजधानी दिलीत आहे ती या माघारीमुळे.

१९व्या शतकात चंदन विरळ झाले. पूर्वेकडे कॉफी आली. डच आणि पोर्तुगीज यांना आता हद्दींची वाटणी करणे भाग होते. १८५१ मध्ये गव्हर्नर लोपेस द लिमा यांनी लिस्बनला न विचारताच फ्लोरेस आणि शेजारच्या बेटांवरचे हक्क डचांना विकायचा सौदा केला. हे गृहस्थ त्याआधी गोव्याचे हंगामी गव्हर्नर-जनरल होते. त्यांना बडतर्फ केले गेले, पण पैसे येऊन चुकले होते. १८५९ च्या लिस्बन तहाने तो सौदा थोड्याफार फरकाने मान्य केला.

या तहात सीमारेषा ठरली ती नद्या-डोंगरांवरून कमी आणि कोणता लिउराई कोणाचा मांडलिक यावरून जास्त. परिणामी डच प्रदेशात पोर्तुगीज तुकडा आणि पोर्तुगीज प्रदेशात डच तुकडा असा घोळ राहिला. १९०४ च्या करारात तुकड्यांची अदलाबदल झाली. एका भागावरून वाद उरला, तो हेगच्या लवाद न्यायालयात गेला आणि १९१४ मध्ये निकाल डचांच्या बाजूने लागला. डच प्रदेशाने वेढलेले ओएकुस्सी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिले, कारण लिफाऊ तेथेच आहे. राजधानी हलली तरी पहिल्या ठाण्यावरचा हक्क त्यांनी सोडला नाही.

२०व्या शतकात ही रेषा माणसांच्या जिवावर उठली. दुसऱ्या महायुद्धात जपानने दोन्ही बाजू व्यापल्या. पुढे डच भाग इंडोनेशियात गेला, पूर्व भाग पोर्तुगीजांकडे राहिला. १९७४ च्या लिस्बनमधील क्रांतीनंतर वसाहती सुटू लागल्या. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले; ७ डिसेंबरला इंडोनेशियाने आक्रमण केले. पुढच्या चोवीस वर्षांत संघर्ष, उपासमार आणि आजार यांनी किमान एक लाख माणसे गेली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्यानंतरच्या जाळपोळीत लाखो लोक सीमा ओलांडून पश्चिम तिमोरमध्ये गेले, कित्येकांना जबरदस्तीने नेले गेले. २० मे २००२ रोजी तिमोर-लेस्ते स्वतंत्र झाले.

जुनी वसाहतींची रेषाच दोन देशांची सीमा ठरली. २००५ च्या तात्पुरत्या करारात तिचा सुमारे ९६ टक्के भाग ठरला. उरलेल्या वादात ओएकुस्सीच्या कडेची नाकतुकाची शेतजमीन होती. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारी, एकमेकांत सोयरीक असलेली गावे आहेत. दिलीहून ओएकुस्सीला जमिनीवरून जायचे तर इंडोनेशियात शिरून पुन्हा बाहेर पडावे लागते, त्यामुळे बरेच लोक बोटीने जातात. लिफाऊ सोडून दिलीकडे निघालेल्या गव्हर्नरचा मार्गही समुद्राचाच होता.