चित्रकलेचा दाखला

चित्रकलेचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईस जाण्याची इच्छा एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने घरात बोलून दाखविली, की वडीलधाऱ्यांच्या मुखातून निघणारा पहिला प्रश्न पोटापाण्याचा असतो. मौज अशी, की ज्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याचा हट्ट तो मुलगा धरतो, ती शाळा काढणाऱ्यांच्या मनातही पोटापाण्याचाच विचार होता. चित्रकार घडविण्याचा नव्हता. 1851 साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या वस्तूंची वाहवा झाली. त्यानंतर, यंत्रयुगात हा हस्तव्यवसाय टिकवावयाचा तर कारागिराला शास्त्रशुद्ध रेखाटन शिकविले पाहिजे, असे विचार इकडे मूळ धरू लागले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी 1853 मध्ये या कार्यासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि सरकारी दप्तरातील वाटाघाटींना पुरेसा अवकाश मिळून 1857 च्या मार्चमध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत वर्ग सुरू झाले.

1865 साली लॉकवूड किपलिंग हे शिल्पकामासाठी आणि जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकलेसाठी विलायतेहून रुजू झाले. (किपलिंग यांचे चिरंजीव रड्यार्ड त्याच वर्षी मुंबईत जन्मले, आणि लोकांच्या स्मरणात पित्याच्या कर्तृत्वापेक्षा पुत्राचा पाळणाच अधिक राहिला.) शिक्षणपद्धती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील होती. आधी मुक्तहस्त रेखाटन, मग भूमिती, मग ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या नकला पुढ्यात ठेवून छायाप्रकाशाचा अभ्यास, असा तिचा क्रम. देवघरातील टाकांपलीकडे मूर्ती न पाहिलेल्या घाटावरच्या पोराने अपोलोच्या नाकाची कड कोळशाने दिवसचे दिवस घोटीत बसावे, या प्रकारावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तथापि हाताला जी शिस्त लागली ती याच घोटण्याने लागली, हेही नाकारता येत नाही.

सरकारची अपेक्षा अशी, की सुतार, लोहार, कुंभार यांची मुले या वर्गांत येतील. प्रत्यक्षात पुष्कळशी मुले आली ती पांढरपेशा घरांतली, आणि त्यांनी या शिक्षणाचा उपयोग आपल्या मर्जीप्रमाणे केला. 1885 साली शाळेत दाखल झालेला एक पंधरा वर्षांचा मुलगा याचे उत्तम उदाहरण होय. त्र्यंबकेश्वरच्या दाजीशास्त्री फाळक्यांचा हा मुलगा, धुंडिराज. वडील संस्कृतचे पंडित, विल्सन कॉलेजातील अध्यापनामुळे मुंबईस आलेले. घराण्याचा रिवाज विद्याव्यासंगाचा असताना मुलाच्या हाती पोथीऐवजी पेन्सिल आली. बोरीबंदरचे भव्य स्थानक त्या दिवसांत उभे राहत होते आणि त्याच्या दगडी नक्षीकामाचा बराच भाग याच शाळेचे विद्यार्थी करीत होते; ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कित्येक वर्षे चाललेले अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांचे कामही नुकतेच आटोपत आले होते. अशा वातावरणात वर्षभराचा रेखाटनाचा अभ्यास उरकून धुंडिराज थोरल्या बंधूंसमवेत बडोद्यास गेला आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 साली स्थापन झालेल्या कलाभवनात शिरला. तेथे तैलचित्रण, जलरंग, छायाचित्रण, साचेकाम, वास्तुरेखन, जे समोर येईल ते त्याने आत्मसात केले. पुढे गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा, मग स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग, मग पुराणवस्तू खात्यातील नोकरी आणि शेवटी छापखाना, असा त्याचा प्रवास झाला. असला मुलगा आज एखाद्या समुपदेशकापुढे बसला, तर चित्त एकाग्र नाही असाच शेरा त्याच्या माथी बसेल. 1913 साली त्याने काढलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा या साऱ्या विद्या एकाच कामी लागल्या. पण 1885 मध्ये त्या चित्रपटाचे यंत्रही जन्मास आले नव्हते, मग त्याचा अभ्यासक्रम कोण आखणार?

सर्वांच्याच वाट्याला असे आयुष्य येत नसते. कित्येकांनी शाळामास्तरकी पत्करली, कोणी बांधकाम खात्यात नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन झाला, कोणी पुण्याच्या चित्रशाळेसारख्या शिळाछापाच्या कारखान्याची वाट धरली, तर सावंतवाडीच्या हळदणकरांसारख्या भाग्यवंताला संस्थानाचा आश्रय लाभला. 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून आलेले कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर त्याच शाळेत शिक्षक होऊन 1931 साली निवृत्त झाले, आणि ती एक्केचाळीस वर्षे त्यांनी पुस्तकरूपाने लिहून ठेवली. पालकांचा जीव खरा भांड्यात पडला तो 1935 साली व्यापारी कलेचा विभाग निघाल्यावर. जाहिरातीच्या कचेरीत दरमहा पगार असतो, हे त्यांना तैलचित्रापेक्षा लवकर उमगले. तो विभाग 1961 साली उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाला.

प्रवेशाची रीतही पालटत गेली. मॅट्रिक होऊन डिप्लोमा घेण्याच्या जागी 1981 पासून विद्यापीठाची पदवी आली, बारावीची अट आली, प्रवेशपरीक्षा आली, आणि 2023 मध्ये तर जुनी शाळा स्वतःच अभिमत विद्यापीठ झाली. मात्र गावोगावच्या ड्रॉइंग मास्तरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुले बसविलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका पाहिल्या, तर वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या जोडीला कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन आजही ठाण मांडून बसलेले दिसतात. कारागिराचा हात सुधारावा म्हणून आणलेली ती कंपासपेटी कोणी परत नेलेलीच नाही. हल्ली या परीक्षांतील श्रेणीवर दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे चित्रकार होण्याचा ज्यांचा मुळीच विचार नाही अशी असंख्य मुलेही रंगपेटी आणि पाण्याचा डबा घेऊन परीक्षाकेंद्रावर जातात, आणि पोटापाण्याचा प्रश्न विचारणारे वडीलधारेच त्यांना तेथवर पोहोचवावयास येतात.