नडगी आणि केसपेपर

आम्हा युनियनच्या लोकांना इतिहास सापडतो तो बहुधा केसपेपरांत. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला, कापसाचा बाजार फोफावला. रुईची गाठ सुमारे १७० किलोची. घसरली की आधी सापडते ती हमालाची नडगी.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने गुडघ्याखाली पाय गमावल्यास कमाईची ५० टक्के हानी धरली. मोडलेल्या नडगीला मात्र परिशिष्टात जागाच नव्हती. तिचे माप डॉक्टर काय लिहितो त्यावर!

आणि ते लिहिणे पुढे आकड्यांत जाते. बर्तियाँ यांनी १८९३ साली मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत १९४८ साली आजार व इजाही आल्या. तिच्या दहाव्या आवृत्तीत नडगीच्या दांड्याचा अस्थिभंग म्हणजे एस ८२.२, पुढे बंद असल्यास शून्य, उघडा असल्यास एक. काहीच लिहिले नसेल तर? तर तो बंद समजावा, असा नियम आहे.

आमच्या एका हमालाचे हाड कातडी फाडून बाहेर आले होते. जखम चिघळली, वर्षभर तो घरी बसला. केसपेपरवर शब्द दोनच : टिबिया फ्रॅक्चर. म्हणजे बंद! तेव्हापासून आम्ही दवाखान्यात जातो ते फळे घेऊन नव्हे. ‘कातडी फाटलेली’ एवढे दोन शब्द लिहून घ्यायला.