साटा लावलेली माती

भात झोडून झालं की कर्जतच्या भिसेगावातल्या उरल्यासुरल्या खाचरांना भेगा पडतात. यंदा त्यातल्या एका खाचरातून तीन ढेकळं घरी आणली. एक पाण्याच्या ग्लासात सोडलं, दुसरं गोडेतेलाच्या वाटीत. पाण्यातलं ढेकूळ कडांनी ढासळत गेलं आणि चहा होईपर्यंत त्याचा गाळ झाला. तेलातलं चार बुडबुडे सोडून ढिम्म बसून राहिलं. या ग्लासापासून त्या वाटीपर्यंत, आणि पुढे प्लास्टिकपर्यंत, पोचायला रसायनशास्त्राला जवळजवळ अर्धं शतक लागलं.

फुगणाऱ्या चिकण मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. फ्रान्समधल्या मॉन्टमोरियाँ गावाजवळ सापडलं म्हणून 1847 मध्ये त्याला हे नाव मिळालं. त्याचा कण म्हणजे पापुद्र्यांची चवड. एकेक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक. लांबीरुंदी मात्र जाडीच्या शंभर पट किंवा त्याहून जास्त. पापुद्र्यांवर ऋण भार असतो आणि मधल्या फटींत बसलेले सोडियम किंवा कॅल्शियमचे धन आयन त्यांना एकत्र धरून ठेवतात. फटीत पाणी शिरलं की माती फुगते, गेलं की आकसते. अशी एक ग्रॅम माती पूर्ण सुटी केली, तर पापुद्र्यांच्या दोन्ही बाजू मिळून सातशे चौरस मीटरांवर क्षेत्रफळ भरतं. कर्जतकराच्या भाषेत, चिमूटभर मातीत सात गुंठे. जमिनीचे दलाल हे वाचत नसावेत.

पाण्याच्या मदतीने माती सुटी करणं आपल्याला नवीन नाही. चिखलणीत दुसरं काय होतं? ढेकळं मोडतात, बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि खाचर पाणी धरतं. पण हेच पापुद्रे प्लास्टिकला ताठपणा द्यायला त्यात मिसळायचे, तर प्लास्टिक पडलं तेलाच्या जातीचं. त्यात माती नुसती घोटली तर गुठळ्याच राहतात.

यावरची युक्ती चिरोटे करणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. पोळ्या नुसत्या एकावर एक ठेवून लाटल्या तर त्यांचा गोळा होतो. मध्ये तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावला तर तळताना पदर सुटतात. मातीचा साटा हाती आला तो दोन टप्प्यांत. फटीतले आयन काढून तिथे सेंद्रिय आयन बसवता येतात, हे गीसेकिंगने 1939 मध्ये दाखवलं. मग 1949 मध्ये जॉर्डनने लांब शेपटीची अमोनियम संयुगं वापरली. त्यांचं डोकं पापुद्र्याला चिकटतं आणि चरबीसारखी शेपटी फटीत पसरते. अशी माती सेंद्रिय द्रवांत फुगायला लागली. रंगांना आणि ग्रीसला दाटपणा आणायला ती कारखान्यांत गेली आणि बराच काळ तिथेच राहिली.

प्लास्टिकची पाळी आली जपानमध्ये. 1976 मध्ये युनिटिका कंपनीचं नायलॉन आणि मातीचं पेटंट आलं होतं, पण बोलबाला झाला तो टोयोटाच्या संशोधन केंद्रात 1980 च्या दशकात झालेल्या कामाचा. ओकाडा, उसुकी, कावासुमी या मंडळींची हुशारी साट्याच्या निवडीत होती. त्यांनी बारा कार्बनांचं अमिनो आम्ल घेतलं. त्याचं एक टोक मातीला धरून राहिलं आणि दुसऱ्या टोकापासून नायलॉनची साखळी वाढू लागली. कच्चा माल फटीत शिरला, तिथेच त्याचं नायलॉन बनलं आणि वाढत्या साखळ्यांनी पापुद्रे एकमेकांपासून दूर लोटले. इथे साटाच पुढे पीठ झाला! वजनाने चार-पाच टक्के माती, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट. भाराखाली वाकायला लागण्याचं तापमान 65 अंशांवरून 140 च्या पुढे गेलं. या नायलॉनचं टायमिंग बेल्टचं झाकण गाडीच्या इंजिनावर बसलं.

1993 मध्ये अमेरिकेत जियानेलिस आणि सहकाऱ्यांनी द्रावकाशिवाय, साटा लावलेली माती थेट वितळलेल्या प्लास्टिकमध्ये घालून पाहिली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एल. प्रिया आणि जे. पी. जोग यांनी त्याच वाटेने पीव्हीडीएफ हे प्लास्टिक घेतलं. त्यांचा निबंध 2002 चा. तिथे फटी नुसत्या रुंदावल्या, पदर काही पूर्ण सुटले नाहीत. पण मातीच्या संगतीत त्या प्लास्टिकचे स्फटिकच वेगळ्या घडणीचे बनले, दाबलं की वीज देणाऱ्या. मला या सगळ्या वंशावळीत हा फाटा सर्वांत आवडतो.

2004 मध्ये चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकच पदर सोलला गेला, त्याला 2010 चं नोबेल मिळालं आणि सगळ्यांचे डोळे ग्राफीनकडे वळले. माती मागे पडली. नोबेलने ढेकळाकडे पाहावं अशी अपेक्षा तरी कुणी करावी?

मग प्लास्टिकच्या या कामाला आमच्या खाचरातली माती का चालू नये? कारखान्यांना लागणारं बेंटोनाइट, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली माती, कच्छ आणि बाडमेरहून येतं. खरं तर कोकणासारख्या पावसात हे खनिज टिकूच नये. झिजून त्याचं दुसरंच काही व्हावं. पश्चिम घाटातल्या मातीत ते टिकलं कसं, याचा उलगडा नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतले तपस भट्टाचार्य आणि डी. के. पाल यांनी 1993 मध्ये केला. बेसाल्टच्या पोकळ्यांतले झिओलाइट झिजताना कॅल्शियम पुरवत राहतात, म्हणून. भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमचं कर्जतचं भात संशोधन केंद्र त्याच विद्यापीठाचं. आता गोम अशी, की ज्या कॅल्शियमने हे खनिज राखलं, तेच त्याचे पापुद्रे घट्ट धरून ठेवतं. सोडियम असलेली माती पाण्यात पार सुटी होते, कॅल्शियमची ठरावीक फुगून थांबते. म्हणून कॅल्शियमवाल्या बेंटोनाइटला कारखान्यात आधी सोड्यातून सोडियम देतात.

तिसरं ढेकूळ त्यासाठीच ठेवलं होतं. दुसऱ्या ग्लासात पाणी घेतलं, चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवला, ढेकूळ कुस्करून ढवळलं आणि झोपलो. सकाळी साध्या पाण्याच्या ग्लासात वरचं चार बोटं पाणी निवळलेलं होतं. सोड्याच्या ग्लासापलीकडची खिडकी दुपारपर्यंत दिसली नाही.